कारणाचा रकाना

परमिटभाऊंचा विषय घरात निघाला की मी उठून कुंड्यांना पाणी घालायला जातो. विषय वर्षातून पाच-सहा वेळा तरी निघतोच, कारण माझ्या बायकोला ते फार आवडायचे आणि त्यांच्या गोष्टी सांगताना ती हसून बेजार होते. मला बागेची हौस आहे असा तिचा समज आहे. या हौसेपायी आमच्या दोन तुळशी आणि एक जास्वंद जादा पाण्याने कुजून गेली. आता मी सत्तरी ओलांडली आहे आणि आणखी झाडं मारण्याची इच्छा नाही. म्हणून बसून सगळं लिहून काढतो. आधी ते कसे होते ते सांगतो, मी काय केलं ते नंतर. एवढी सवलत मला द्यावी.

आम्ही ऊर्जानगरला राहायचो, वीज केंद्राच्या वसाहतीत. केंद्रात कुठलंही यंत्र दुरुस्तीला घ्यायचं तर परमिट लागतं. दुरुस्ती खात्याचा माणूस ते मागतो, चालवणाऱ्या खात्याचा अधिकारी वीज तोडल्याची खात्री करून सही देतो, आणि यंत्राच्या बटणावर लाल पुठ्ठ्याचा टॅग लागतो : 'काम चालू आहे. हात लावू नये.' ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. मोठा साहेब आला तरी त्याने त्याला बोट लावायचं नाही, कारण त्या वेळी कुणाचे तरी हात यंत्राच्या आत असतात. आमच्याकडे माणसं साहेबांना शिव्या देत, देवाला नावं ठेवत, पण टॅगला हात लावत नसत.

मी शिफ्ट इंजिनियर, म्हणजे परमिटवर सही देणारा. भाऊ दाब-तापमानाचे मीटर सांभाळणाऱ्या खात्यातले तंत्रज्ञ, म्हणजे परमिट मागणारे. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, बाकी सगळीकडे ते परमिटभाऊच. कारण केंद्रातला हा नियम ते सायकलच्या कॅरियरला बांधून घरी घेऊन आले होते.

त्यांच्या घरात मिक्सर उघडायचा तर त्यांच्या बायकोला कागदावर सही करावी लागे. "मिक्सर तुमच्या ताब्यातून माह्या ताब्यात आला," असं ते तिला समजावून सांगत. ती माउली चटणीचं वाटण हातात धरून सही करायची. शेजाऱ्याची शिडी आणली तर शिडीला टॅग. घरचा कूलर उन्हाळ्याआधी उघडला की त्याला टॅग. एकदा घरासमोर त्यांची सायकलच उलटी करून ठेवलेली होती आणि हँडलला लाल पुठ्ठा लटकत होता. पंक्चर काढत होते.

मुलीच्या लग्नात तर कमाल झाली. आरमोरीला, त्यांच्या गावी, दुपारचं लग्न. मंडपात भोंग्याच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. भाऊंनी पेटी बंद केली, खिशातून टॅग काढला आणि लावला. खिशात टॅग घेऊन मुलीच्या लग्नात वावरणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही. मग त्यांना विधीला बसावं लागलं आणि टॅग तसाच राहिला. पेटीवाल्याने तार नीट केली, पण टॅग काढायची त्याची हिंमत होईना. सगळं मंगल माइकशिवाय पार पडलं. वंदना, आशीर्वाद, पाहुण्यांची भाषणं, सगळं. व्याही आधी फुगले होते, नंतर म्हणाले, "पयल्यांदाच एखाद्या लग्नात कोण काय बोलते ते समजलं जी."

घरोघरी संगणक यायला लागले त्या सुमारास भाऊ त्यांच्याकडे वळले. शिकले कुठे, कोणालाच माहीत नाही. विचारलं तर म्हणत, "मशीनच सांगते. आपन मधात बोलाचं नाई." वसाहतीत कुणाचाही संगणक अडला की बोलावणं त्यांना. पैसे घेत नसत. काढलेला निकामी भाग मात्र मागून नेत आणि बिस्किटांच्या डब्यात नाव लिहून ठेवत.

त्यांची तपासायची पद्धत वैद्यासारखी होती, पण प्रश्न उलटा. काय बिघडलं असं विचारत नसत. विचारत, "शेवटी बरं कवा होतं?" लोक गोंधळायचे. भाऊ म्हणत, "बिगडल्याची तारीख सगळ्याईले माहीत रायते. बरं होतं त्याची तारीख कोनीच ठेवत नाई."

आणि चहा. यंत्र सुरू होईपर्यंत ते चहाला शिवत नसत. पाहुणचार म्हणून आधीच कप पुढे केला तर परत पाठवत. काम झालं की आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज देत, "ठेवा जी चहा!" ती हाक ऐकली की घरातल्या बायकांना कळायचं, यंत्र चालू झालं.

एक हिरव्या कापडी बांधणीची मोठी वही होती त्यांच्याकडे. यंत्र, दोष, कारण, उपाय, सही, असे रकाने. त्यातल्या कारणाच्या रकान्यावर त्यांचा फार जीव. कुणी म्हणालं, भाऊ, चालू झालं ना, आता कारण कशाला? तर त्यांचा चेहरा पडायचा. "आपोआप बरं झालेलं आपोआप बिगडते. कारन रिकामं ठेवाले येत नाई." कारण सापडल्याशिवाय ते पान उलटत नसत. मी ती वही चाळली आहे. कारणं वाचण्यासारखी असायची. 'उंदीर.' 'जावई.' 'पंख्यात पाल, मृत.' 'घरधन्याने यंत्रावर चप्पल ठेवली.'

आता आमच्या संगणकाकडे येतो.

मुलगा बारावीला असताना तो घेतला होता. मुलगा इंजिनियरिंगला पुण्याला गेला, संगणक आमच्याकडे राहिला. मुलाला पत्र पाठवायच्या निमित्ताने बायको त्यावर शिकली आणि मग पत्त्यांच्या खेळात इतकी तरबेज झाली की महिला मंडळात तिचं नाव झालं. चार-पाच वर्षांत यंत्र मंदावलं. बटण दाबायचं, आंघोळीला जायचं, पूजा आटोपायची, परत यावं तर पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच. शेवटी शेवटी एक पत्ता उचलला की तो बायकोच्या हाताऐवजी स्वतःच्या मनाने खाली यायचा.

मी म्हटलं, नवा घेऊ. बायको म्हणाली, दुरुस्त करू.

यात माझा स्वार्थ होता तो सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावर माझ्याच हाताखालचा एक तरुण इंजिनियर राहायचा. त्याने पातळ पडद्याचा नवा संगणक आणला होता आणि सगळी वसाहत तो बघून आली होती. मग एक दिवस कंपनीच्या बसमध्ये, कुणी विचारलेलं नसताना, मी जाहीर करून बसलो की दिवाळीला आमच्याकडेही येतोय, त्याच्यापेक्षा मोठा. मुलालाही फोनवर सांगून टाकलं. घरात तेवढं सांगायचं राहिलं होतं.

बसमध्ये दोन तट पडले. "जुनं ते सोनं," एक जण म्हणाला. मागून दुसरा ओरडला, "मंग सोनाराकडे ने ना! साहेब, घ्या नवीन, आमाले पार्टी द्या." एकाने सुचवलं, दोन्ही ठेवा, जुन्यावर बाई खेळतील, नव्यावर तुम्ही हराल. मी हसलो, पण मनात पक्कं केलं होतं.

बायकोने मात्र परस्पर भाऊंना बोलावलं. "ते म्हणाले गेलं, तर गेलं," ती म्हणाली. "ते म्हणाले चालेल, तर चालेल. मग नव्याचं नाव काढायचं नाही. कबूल?" भाऊंसमोर मला कबूल म्हणावं लागलं.

भाऊंनी संगणकाचा डबा उघडला आणि शीळ घातली. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा असतो आणि त्यावर पंखा, आतली उष्णता बाहेर काढायला. त्या पात्यांमध्ये राख ठासून भरली होती. ऊर्जानगरात राख सगळीकडेच बसायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर. संगणकाच्या पोटात जाईल हे मला सुचलं नव्हतं.

"शेवटी बरं कवा होतं?" भाऊंनी विचारलं.

"दोन उन्हाळ्यांमागे," बायको म्हणाली. तिला बरोबर आठवत होतं, कारण तेव्हा ती एका दुपारी सलग अकरा डाव जिंकली होती.

"मंग दोन उन्हाळ्याची राख हाये ही. मशीन म्हातारं नाई झालं बाई. त्याले गरमी होऊन राह्यली, म्हनून हळू चालते. तुमी भर उन्हात पळान का?"

नाकाला रुमाल बांधून त्यांनी सायकलच्या पंपाने आतली राख उडवली. अर्धी खोली धुरकट झाली. उरलेली राख ब्रशने कागदावर जमवली, व्यवस्थित पुडी बांधली आणि ओळख राहावी म्हणून वर माझं आडनाव लिहून पुढे 'साहेबांची राख' असं लिहिलं. ती पुडी त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिली. तिने वाचलं आणि किंचाळली. "अहो भाऊ, असं काय लिहिता!"

"काऊन जी? नाव चुकलं का?"

त्यांनी संगणकातल्या घड्याळाचा सेल बदलला, सगळं पुन्हा जोडलं आणि बटण दाबून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. आधी पंधरा मिनिटं लागायची, आता एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बायकोने पत्ता उचलला, तो उचलला गेला.

"ठेवा जी चहा!" भाऊ म्हणाले, ती तिथेच उभी असूनही.

मी तोंड गोड करून चहा प्यालो. त्या चहाइतका कडू चहा मी आयुष्यात प्यालेलो नाही.

पण भाऊंच्या हिशेबी काम संपलं नव्हतं. केंद्रात मोठी दुरुस्ती झाली की संच काही दिवस चाचणीवर चालवतात. तशी त्यांनी आमच्या संगणकाला आठ दिवसांची चाचणी लावली. मागच्या स्क्रूला लाल टॅग बांधला. "बाईनं पत्ते खेळावं, पोराले पत्र लिवावं, काही हरकत नाई. पन डबा खोलाचा नाई अन् सेटिंगले हात लावाचा नाई. आठ दिवसांनी मी येतो, टॅग काढतो, वहीत सही करतो. पास म्हंजे पास." आणि मग माझ्याकडे वळून अगदी रीतसर म्हणाले, "साहेब, तुमच्या ताब्यात देऊन राह्यलो."

वसाहतीत बातमी पसरली. बसमध्ये मला टोमणे सुरू झाले. "साहेब, दिवाळी कोणती म्हणाले होते तुमी? या सालची का?" खालच्या मजल्यावरचा तो तरुण फक्त हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊ अचानक आले. सेल बदलल्यापासून संगणकाचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, असं बायको त्यांना बाजारात भेटून बोलली होती. दोन मिनिटांचा फरक त्यांना सोसवला नव्हता. बायको मंडळाला गेली होती, घरी मी एकटाच. भाऊंनी संगणक सुरू केला, एक कळ दाबली आणि सेटिंगचा निळा पडदा आला. पांढऱ्या अक्षरांत ओळीच ओळी. केंद्राचा तीनचा भोंगा व्हायची वाट बघत ते बसले आणि बसल्या बसल्या मला एकेक ओळ समजावून सांगू लागले. शिकवायची त्यांना फार आवड.

"हे पाहा साहेब. प्रोसेसरजवळ एक लहानशी साठवन रायते. मसाल्याचा डबा समजा. हाताशी असला तं सैपाक झटपट. ही ओळ बंद केली का डबा गेला. मंग बाईनं चुलीपाशी बसाचं अन् मीठ पाह्यजे तं बाजारात जाचं, हळद पाह्यजे तं पुन्हा बाजारात. सैपाक होते, पन दिवस जाते." ते हसले. "म्हनून याले हात लावाचा नाई."

भोंगा झाला. त्यांनी वेळ लावली, जपून ठेवली आणि यंत्र तिथेच बंद केलं. त्यांना दुसऱ्या पाळीला जायचं होतं, बस चुकत होती.

ते गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. टॅग मागच्या स्क्रूला लटकत होता, छताच्या पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. पंचवीस वर्षं मी अशा टॅगांचा राखणदार होतो. कुणी नुसतं जवळ गेलं तरी मी ओरडायचो. मी उठलो, संगणक सुरू केला, ती कळ दाबली. मसाल्याच्या डब्याची ओळ शोधली आणि बंद केली. मोजून दीड मिनिट लागलं. मग खाली जाऊन फाटकाशी उभा राहिलो, बायको आली तेव्हा बाहेरच होतो असं दिसावं म्हणून.

त्या संध्याकाळी तिने संगणक लावला आणि पंचवीस मिनिटांनी पहिला पत्ता दिसला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. आल्या आल्या टॅगच्या गाठीकडे पाहिलं. गाठ त्यांचीच होती. त्यांनी डबा उघडला. पंखा पाहिला, ठोकळा काढून परत बसवला, स्मृतीच्या पट्ट्या बदलून पाहिल्या. तीन दिवस ते रोज आले आणि रोज चहा परत पाठवला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "भाऊ, त्या सेटिंगमध्ये कुणाचा हात लागला नसेल ना? पाहा बरं."

भाऊंनी मान वर केली. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई, टॅग होता. अन् कोनाच्या घरी होता? साहेबाच्या. पंचवीस वर्स परमिटवर सही करनारा मानूस हाये हा. असं बोलू नका जी." मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "अन् सेटिंग माह्या हातची हाये. ओळ न् ओळ इथी लिवलेली हाये. तिथी काय पाहाचं?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर फार तर माझी फजिती झाली असती. वसाहत महिनाभर हसली असती. एवढंच. पण मी म्हणालो, "वय झालं हो यंत्राचं."

भाऊंनी टॅग सोडला. वहीत दोषाच्या रकान्यात लिहिलं, 'अतिमंद.' उपायाच्या रकान्यात लिहिलं, 'जमले नाही.' कारणाच्या रकान्यावर पेन बराच वेळ धरून ठेवलं आणि तसंच उचललं. मला वही उलटी दिसत होती, तरी तो रिकामा चौकोन अजून डोळ्यांसमोर आहे.

"नवीन घ्या, साहेब," ते म्हणाले. बायकोने न विचारता चहा आणला होता. त्यांनी कपाकडे पाहून हात जोडले. "हे मशीन टाकून नका देऊ. मले द्या. कारन सापडलं नाई अजून."

जुन्या ट्यूबने त्यांनी तो डबा कॅरियरला बांधला आणि सायकल हातात धरून चालत घरी नेला. बसून चालवली असती तर हादरे बसले असते ना.

दिवाळीला नवा संगणक आला. माणसं बघून गेली, पार्टी झाली. मी त्यावर काय करायचो ते आता आठवतही नाही. बायको त्यावर पत्ते खेळेना, म्हणायची याचे पत्ते ओळखीचे नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तोही मंदावला, राखेनेच. पण ती उडवायला कुणी नव्हतं. भाऊंनी हे काम बंद केलं होतं. कुणी यंत्र घेऊन गेलं तर म्हणत, "मी आता पाहत नाई जी. माहा हात उतरला." बसमध्ये एकाने चेष्टा केली, "परमिटभाऊंचं परमिट रद्द झालं!" सगळे हसले. पुढच्या बाकावर भाऊ बसले होते, तेही हसले. मी खाली उतरून गेलो, दोन थांबे आधी.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि आरमोरीला गेले. जाताना सामानाच्या ट्रकमध्ये आमचा संगणक स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले होते, असं बायकोने पाहिलं. मी त्या वेळी कुंड्यांना पाणी घालत होतो. ती सवय तेव्हापासूनची.

दोन वर्षांनी मीही निवृत्तीला आलो आणि मनाशी ठरवलं की नोकरीचा शेवटचा दिवस यायच्या आत हे सांगून टाकायचं. सुट्टी काढून एकटाच निघालो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, प्रत्येक गावी बस थांबत होती. एक वाक्य तयार केलं होतं, ते सारखं मनात म्हणत होतो. साधंच वाक्य होतं. वैनगंगेचा पूल येईपर्यंत पाठ झालं.

धानाची कापणी उरकली होती, आरमोरीत रस्त्याकडेला तणसाचे ढीग होते. भाऊंचं घर विचारावं लागलं नाही. ओसरीवर चार मिक्सर, दोन पंखे, एक टीव्ही आणि प्रत्येकाला लाल टॅग. मी थबकलो. हात उतरलेल्या माणसाचं हे घर दिसत नव्हतं.

"साहेब!" भाऊ आतून जवळजवळ धावत आले. मी तोंड उघडलं, पण त्यांनी माझा हात धरून आत ओढलं. "कारन सापडलं, साहेब! तुमाले चिठ्ठीच लिवनार होतो. बसा. नाई, बसू नका, पयले पाहा."

कोपऱ्यात आमचा संगणक होता, वर विणलेला रुमाल. त्यांनी बटण दाबलं. मिनिटाच्या आत सुरू झाला.

"सालभर खोललं, जोडलं, खोललं, जोडलं. सगळं बरोबर. मंग एक दिवस सोचलं का वही खोटी नाई, मशीन खोटं नाई, तं कोन खोटं? मी! निळा पडदा पाह्यला. मसाल्याचा डबा बंद! आता सांगा, टॅग असताना बंद कोन करन? कोनीच नाई. चवथ्या दिवशी घड्याळ कोनं लावलं? मीनं. भोंग्याकडे ध्यान, बसकडे ध्यान, तुमच्यासंगं बोलनं चालू, बोट पडलं तिथी. वेळ लावली अन् चालवून न पाहता बंद करून निघून गेलो. पाहा, बरोबर बसते का नाई?"

बरोबर बसत होतं. एकही फट नव्हती. मी परमिट देणारा माणूस, मला खात्री करायची सवय. मीही ती कहाणी तपासली आणि मला कुठे खोट सापडली नाही.

मग त्यांनी हात जोडले. पांढरे केस, ओसरीवरचं ऊन तोंडावर, आणि हसू असं की जणू हरवलेलं जनावर सापडलं होतं. "माफी करा, साहेब. माह्या बोटापायी तुमचं चांगलं मशीन गेलं. तुमी एक शब्द नाई बोलले. मी असतो तं चिडलो असतो."

ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पुलापासून तिथपर्यंत मी ते सांडू दिलं नव्हतं. आणि मी म्हणालो, "जाऊ द्या हो, भाऊ. होतं माणसाकडून."

मी त्यांना माफ केलं.

"ठेव वं चहा!" भाऊंनी घरात आवाज दिला. आत त्यांची बायको म्हणाली, "कोन्तं मशीन चालू झालं आता?" भाऊ म्हणाले, "साहेबाचं!" आणि आम्ही तिघंही हसलो. चहा उत्तम होता. त्यांनी मला घरचे तांदूळ बांधून दिले, बसपर्यंत सोडायला आले. वाटेत प्रत्येकाला थांबवून सांगत होते, हे आमचे साहेब.

परतीच्या बसमध्ये मी सबब तयार केली. ती अशी की कारण सापडल्यामुळे त्यांचा हात परत आला, आता खरं सांगून ते सुख कशाला मोडायचं? सबब चांगली होती. बरीच वर्षं टिकली. पण भाऊ असते तर म्हणाले असते, कारण चुकीचं लिहिलेलं आहे.

ते गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. बायको आणि मी भेटायला गेलो. त्यांच्या घरच्या बाईंनी हिरवी वही आणून माझ्यापुढे ठेवली. आमचं पान उघडलेलं. कारणाच्या रकान्यात, नंतर वेगळ्या शाईने, ठसठशीत अक्षर : 'माझी चूक.' खाली सही.

"हे पान ह्यायनं लय जनाले दाखोलं," त्या म्हणाल्या. "म्हनत, आपली चूक लिवाले लाजाचं नाई. अन् म्हनत, साहेब मोठ्या मनाचा मानूस, एक शब्द नाई बोलला."

माझ्या खिशाला पेन होतं. केंद्रात चुकीची नोंद खोडून शेजारी सही करायचा अधिकार माझ्या हुद्द्याला होता, तो मी शेकडो वेळा वापरला आहे. बायको शेजारी बसून डोळे पुसत होती. मी वही मिटली आणि परत दिली.

हे लिहून झालं की सगळ्यात आधी बायकोला वाचायला देणार आहे. ती काय म्हणेल ते माहीत नाही. त्यानंतर हे कागद आरमोरीला पाठवीन, त्या पानात ठेवायला. वैनगंगेच्या पुलापर्यंत पाठ केलेलं ते वाक्य मला अजून येतं. ते असं होतं :

भाऊ, तुमचा टॅग लागलेला असताना हात मी लावला होता, तुमचं बोट कुठंही चुकलं नव्हतं, मला माफ करा.